लिमा प्रकल्पाला नवीन व्हर्च्युअल मशीन टेम्प्लेट द्यायचं आहे: काय तपासावं, कुठे अडतं?

नवखा_पेंग्विन

मंडळी, लिमावर (मॅक किंवा लिनक्सवर लिनक्सची व्हर्च्युअल मशीनं चालवणारं साधन) चालणारी दोन टेम्प्लेटं, म्हणजे मशीन कसं बनवायचं ते सांगणाऱ्या यॅमल फाइली, तयार आहेत, ती मूळ प्रकल्पात द्यायची आहेत. एक आहे डेबियनवर बेतलेल्या छोट्या डिस्ट्रोचं (लिनक्स वितरणाचं). दुसरं उबुंटूवर पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवून, चालू करून देणारं. दोन्ही अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर व्यवस्थित चालतात. प्रश्न असे:

१. फाइल रेपोत नेमकी कुठे आणि कशी ठेवायची? जुन्या ब्लॉगांत एक रचना दिसते, रेपोत दुसरीच.
२. इमेजचा (डिस्ट्रोच्या तयार डिस्क फाइलचा) पत्ता तारखेचा द्यायचा की 'लेटेस्ट'चा?
३. पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) पाठवण्याआधी किमान किती तपासणी लागते?
४. भारतातल्या मिररचा (फाइलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता दिला तर चालेल का? इथून डाउनलोड फार लवकर होतं.

---

दगडफूल

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर एका शब्दात आहे: नको. टेम्प्लेट जगभर वापरलं जातं. एखाद्या संस्थेचा मिरर बंद पडला की टेम्प्लेटही बंद. शिवाय तिथली फाइल खरंच डिस्ट्रोने बनवलेली आहे का, हे पुल रिक्वेस्ट तपासणाऱ्याला कसं कळणार? अधिकृत पत्ताच द्या. फेडोरासारख्यांचा अधिकृत पत्ता तसाही जवळच्या मिररकडे वळवतो.

आता जागा. पूर्वी फाइली 'एक्झाम्पल्स' फोल्डरमध्ये असत आणि एकाच यॅमल फाइलमध्ये सगळं लिहिलेलं असे. ब्लॉगांत दिसतं ते हेच. आता फोल्डरचं नाव 'टेम्प्लेट्स' आहे, आणि त्यात अधोरेषेने सुरू होणारी दोन उपफोल्डरं आहेत. '_इमेजेस'मध्ये प्रत्येक डिस्ट्रोच्या इमेजांची यादी असते आणि '_डीफॉल्ट'मध्ये माउंटसारख्या (होस्टचं, म्हणजे आपल्या संगणकाचं, फोल्डर मशीनमध्ये दिसणं) सगळ्यांना सारख्या लागणाऱ्या गोष्टी. मुख्य फाइल मग चार-पाच ओळींची राहते: वर 'मिनिममलिमाव्हर्जन', त्याखाली 'बेस' आणि बेसमध्ये या दोन फाइलींची नावं.

म्हणजे तुमच्या डिस्ट्रोच्या टेम्प्लेटसाठी दोन फाइली लागतील, एक '_इमेजेस'मध्ये आणि एक बाहेर. पोस्टग्रेसवाल्याला इमेजची नवी फाइल लागतच नाही. बेस म्हणून उबुंटूची आधीची फाइल घ्या आणि फक्त स्क्रिप्टचा भाग लिहा. उबुंटूच्या इमेजांची यादी पुन्हा चिकटवलेली दिसली तर ती काढायला सांगतील, कारण मग प्रत्येक अपडेट दोन जागी करावा लागतो.

'मिनिममलिमाव्हर्जन' शोभेसाठी नाही. तुम्ही नवीन फील्ड वापरलं आणि ही ओळ जुन्या आवृत्तीची ठेवली, तर जुना लिमा असलेल्याला धड संदेश मिळत नाही, अर्धवट मशीन मिळतं.

पत्त्याचं म्हणाल तर दोन्ही द्या, पण क्रमाने. प्रत्येक आर्किटेक्चरसाठी आधी तारखेचा पत्ता आणि त्याचं डायजेस्ट (फाइल तीच आहे हे पडताळायचा चेकसम), मग सगळ्यांत शेवटी 'लेटेस्ट'चे पत्ते डायजेस्टशिवाय. लिमा यादी वरून खाली वाचतो, आपल्या आर्किटेक्चरची पहिली नोंद उतरवून बघतो, ती मिळाली नाही तर पुढची. तारखेची इमेज कधीतरी सर्व्हरवरून काढली जातेच. त्या दिवशी खालची नोंद कामाला येते.

डायजेस्टसाठी इमेज उतरवून स्वतः चेकसम काढू नका. डिस्ट्रोने प्रकाशित केलेल्या चेकसमच्या फाइलमधून घ्या, आणि त्या फाइलवर सही असेल तर ती पडताळा. स्वतः काढलेल्या चेकसमने एवढंच सिद्ध होतं की तुम्हाला जे मिळालं तेच इतरांना मिळतंय. जे मिळालं ते अस्सल होतं का, हा प्रश्न तसाच राहतो. उबुंटू शा२५६ देतं, डेबियनचे क्लाउड इमेजवाले शा५१२ देतात. लिमाला दोन्ही चालतात, फक्त अंकांच्या आधी प्रकाराचं नाव आणि कोलन (:) हवं. शा५१२चा आकडा घेऊन पुढे शा२५६ लिहिण्याची चूक पुल रिक्वेस्टींमध्ये नेहमी दिसते.

---

तिरकस

रंगाचा बेरंग करतो, पण विचारायलाच हवं. पोस्टग्रेसचं टेम्प्लेट मूळ प्रकल्पात कशाला हवं?

लिमा कोणत्याही वेबपत्त्यावरची यॅमल फाइल थेट चालवू शकतो. स्टार्ट कमांडला पत्ता दिला की झालं. तुमच्या रेपोत ठेवा, रीडमीत एक ओळ लिहा, लोक वापरतील. मूळ प्रकल्पात गेलेलं टेम्प्लेट म्हणजे पुढची अनेक वर्षं कोणीतरी सांभाळायचं काम. आज पोस्टग्रेस घेतलं तर उद्या मायएसक्यूएल आणि रेडिस यांना नाही कसं म्हणणार? डॉकर, पॉडमॅन, कुबरनेटीस तिथे आहेत, कारण लिमा मुळात कंटेनर चालवण्यासाठीच २०२१ मध्ये सुरू झाला. ते प्रकल्पाच्या गाभ्यातलं काम आहे. डेटाबेस सर्व्हर नाही.

डिस्ट्रोचं द्या. तेही आधी गिटहबवर इश्यू किंवा चर्चा उघडून 'घ्याल का' असं विचारून. थेट पुल रिक्वेस्ट टाकली आणि 'आम्हाला नको' म्हणाले, तर सगळी तपासणी वाया.

---

नवखा_पेंग्विन

तिरकसराव, मुद्दा पटला. पोस्टग्रेसचं माझ्याच रेपोत ठेवतो, पण तेही नीट लिहिलेलं असावं म्हणून त्याचे प्रश्न इथेच विचारेन.

डिस्ट्रोचं आधी. लिनक्सच्या एक्स८६ लॅपटॉपवर चालवलं तर 'वेटिंग फॉर द इसेन्शियल रिक्वायरमेंट'च्या पहिल्याच पायरीवर, एसएसएचपाशी थांबतं. बऱ्याच वेळाने वेळ संपल्याची त्रुटी येते. मॅकवर तीच यॅमल फाइल चालते. सीरियल लॉग (मशीनच्या कन्सोलवरच्या संदेशांची नोंद) रिकामा आहे.

---

कोकणी_कर्नल

एसएसएचपाशी थांबणं हे फक्त लक्षण आहे. त्यामागे चार-पाच वेगळी कारणं असतात, ती या क्रमाने तपासा.

पहिलं, मशीन बूट तरी होतंय का. सीरियल लॉग रिकामा म्हणजे एकतर बूटलोडरच सापडलेला नाही किंवा कर्नल सीरियलवर काही लिहीतच नाहीये. लिमा यूईएफआयने, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या फर्मवेअरने, बूट करतो. इमेज फक्त जुन्या बायोसची असेल तर यूईएफआयला काहीच सापडत नाही. एक्स८६वर तात्पुरतं 'फर्मवेअर'खाली 'लेगसीबायोस' ट्रू करून पाहा. त्याने चालू झालं तर निदान झालं. उपाय मात्र तो नाही, कारण मॅकचं स्वतःचं व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे व्हीझेड, जुना बायोस चालवतच नाही, आणि लिमा १.० पासून मॅकवर तेच डीफॉल्ट आहे. तुमच्याकडे आर्मची इमेज चालते आणि एक्स८६ची नाही, याचं सगळ्यांत सरळ कारण हेच: आर्मवर यूईएफआयशिवाय गत्यंतर नसतं, म्हणून ती इमेज नीट बनवलेली असते. एक्स८६ची जुन्या पद्धतीनेच बनत राहते.

दुसरं, इमेजमध्ये यूईएफआय आहे पण बूटलोडर चुकीच्या जागी आहे. नव्या मशीनची एनव्हीरॅम, म्हणजे बूटच्या नोंदी ठेवणारी फर्मवेअरची मेमरी, कोरी असते. त्यामुळे 'डेबियन' किंवा डिस्ट्रोच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेला ग्रब हा बूटलोडर फर्मवेअरला माहीतच नसतो. फर्मवेअर 'ईएफआय' फोल्डरच्या आत 'बूट' फोल्डरमध्ये बघतं, तिथे एक्स८६साठी 'बूटएक्स६४' आणि आर्मसाठी 'बूटएए६४' नावाची फाइल लागते. ग्रब बसवताना 'रिमूव्हेबल' पर्याय दिला की ती तिथे जाते.

तिसरं, कर्नलचा कन्सोल. एक्स८६वर क्वेमूमध्ये (लिमा वापरतो तो दुसरा व्हर्च्युअलायझेशन प्रोग्राम) 'टीटीवायएस०', आर्मवर 'टीटीवायएएमए०' आणि व्हीझेडमध्ये व्हर्टिओचा (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या उपकरणांचा) 'एचव्हीसी०'. कर्नलच्या ओळीत यातलं योग्य नाव नसेल तर मशीन चालू असूनही लॉग कोरा दिसतो. इन्स्टन्सच्या (त्या मशीनच्या) फोल्डरमध्ये सीरियलचे एकाहून जास्त लॉग असतात, सगळे उघडून बघा.

चौथं, मशीन बूट झालं पण क्लाउड-इनिटने (बूटच्या वेळी मशीनची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने) लिमाची माहिती वाचली नाही. यूजर कोण, एसएसएचची किल्ली कोणती, हे सगळं लिमा 'सीआयडेटा' नावाच्या छोट्या आयएसओमधून पाठवतो. क्लाउड-इनिट ती नोक्लाउड या स्रोतातून वाचतं. काही इमेजांत डेटासोर्सच्या यादीत फक्त ओपनस्टॅक किंवा ईसी२ असतं. मग ती आयएसओकडे ढुंकूनही बघत नाही, यूजर तयार होत नाही आणि एसएसएच कायमचं दार बंद करून बसतं.

---

दगडफूल

चौथ्याला जोडून. डेबियनच्या क्लाउड इमेजांत 'जेनेरिक', 'जेनेरिकक्लाउड' आणि 'नोक्लाउड' असे प्रकार आहेत. नाव बघून लोक तिसरी घेतात आणि फसतात. डेबियनच्या 'नोक्लाउड' इमेजमध्ये क्लाउड-इनिट चालतच नाही, ती पासवर्डशिवाय रूटचा प्रॉम्प्ट देते. लिमाला 'जेनेरिकक्लाउड' हवी. अल्पाइनचं नेमकं उलट: तिथे फाइलीच्या नावातलं 'नोक्लाउड' म्हणजे नोक्लाउड स्रोतासाठी बनवलेली इमेज, तीच घ्यायची. त्यातही 'बायोस' आणि 'यूईएफआय', तसंच 'टायनी' आणि 'क्लाउडइनिट' अशा जोड्या आहेत. हवी ती यूईएफआय आणि क्लाउडइनिट.

तुमचा डिस्ट्रो डेबियनवर बेतलेला आहे, तेव्हा त्यांनी इमेजांची नावंही डेबियनसारखीच ठेवलेली असण्याची शक्यता आहे. एकदा बघून घ्या.

---

नवखा_पेंग्विन

बघितलं. क्लाउड-इनिट आहे, पण एक्स८६ची इमेज खरंच फक्त बायोसची निघाली. लेगसीबायोस ट्रू केल्यावर क्वेमूत चालू झालं. पण डिस्ट्रोकडे एक्स८६साठी दुसरी इमेजच नाही. आता मीच यूईएफआयची इमेज बनवून कुठेतरी ठेवली आणि तिचा पत्ता टेम्प्लेटमध्ये दिला तर?

---

तिरकस

ती घेतील असं धरून चालू नका, आणि घेऊ नये असंच माझं मत आहे. कोण्या एका माणसाच्या ड्राइव्हवरची डिस्क इमेज हजारो लोकांच्या लॅपटॉपवर चालवायची, तीही होस्टचं होम फोल्डर माउंट करून? माउंट सुरुवातीला रीड-ओन्ली असलं तरी वाचता तर येतंच. एसएसएचच्या किल्ल्या होममध्येच असतात.

---

सुताराची_पेटी

सहमत. पण इमेज बनवण्याचं काम वाया जायची गरज नाही. ते डिस्ट्रोलाच द्या. त्यांच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये यूईएफआयचं विभाजन घालणारा पॅच पाठवा, अधिकृत इमेज त्यांच्या सर्व्हरवर आली की मग लिमाकडे या. वेळ जास्त लागतो, पण टेम्प्लेट टिकतं. क्लाउड इमेज वापरणाऱ्या इतरांचाही, प्रॉक्समॉक्सवाले असोत की ओपनस्टॅकवाले, फायदा होतो.

इमेज बनवताना काय पाहायचं, तेही लिहून टाकतो, कारण नवीन डिस्ट्रोच्या इमेजा इथेच लंगड्या पडतात.

मशीन-आयडी. 'ईटीसी'तली ही फाइल रिकामी ठेवायची, शून्य बाइटची, पण काढून टाकायची नाही. ती भरलेली राहिली तर त्या इमेजवरून बनलेल्या सगळ्या मशीनची ओळख एकच होते. सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला देतं ती ओळख यातूनच काढतं, त्यामुळे शेअर्ड नेटवर्कवर दोन मशीन लावली की दोघांना एकच आयपी मिळतो. एकटं मशीन तपासताना हे कधीच दिसत नाही. म्हणून तपासणीत दोन इन्स्टन्स एकाच वेळी चालवा.

एसएसएचच्या होस्ट किल्ल्या इमेजमध्ये राहू देऊ नका. त्या सगळ्यांच्या सारख्या झाल्या तर किल्लीला अर्थच उरत नाही. काढल्यावर क्लाउड-इनिट पहिल्या बूटला नव्या बनवतं. क्लाउड-इनिटची स्वतःची स्थितीही 'क्लीन' करून पुसा, नाहीतर त्याला वाटतं पहिलं बूट झालेलंच आहे. सिस्टमडीची रँडम-सीड फाइलही काढा. लिबगेस्टएफएसमधलं 'व्हर्ट-सिसप्रेप' हे बरंचसं एका फटक्यात करतं, पण केल्यावर इमेज माउंट करून डोळ्यांनी बघाच.

इनिटरॅमएफएस, म्हणजे रूट डिस्क सापडेपर्यंत लागणारी छोटी फाइल सिस्टम. ती बनवायला ड्रॅकट वापरणाऱ्या डिस्ट्रोवर 'होस्टओन्ली' चालू असेल तर ज्या मशीनवर इमेज बनली तेवढ्याच मशीनचे ड्रायव्हर आत जातात. व्हर्च्युअलबॉक्सवर साटा डिस्कने बनवलेली इमेज क्वेमूच्या व्हर्टिओ डिस्कवर लावली की रूट सापडत नाही आणि ड्रॅकटचा इमर्जन्सी शेल समोर येतो. तेव्हा होस्टओन्ली बंद करून, व्हर्टिओचे ड्रायव्हर घालून ती पुन्हा बनवायची.

एफएसटॅबमध्ये 'एसडीए१' असं लिहायचं नाही, यूयूआयडी किंवा लेबल.

ग्रोपार्ट. लिमा सुरुवातीला १०० जीबीची डिस्क देतो, ती होस्टवर लागेल तशी वाढते. इमेज २-३ जीबीची असते. रूट विभाजन ताणण्यासाठी इमेजमध्ये ग्रोपार्ट असावं लागतं, आणि रूट हे शेवटचं विभाजन असावं लागतं. रूटच्या मागे स्वॅपचं विभाजन ठेवलं की ते ताणायला जागाच नाही. डिस्क १०० जीबीची दिसते, 'डीएफ' मात्र २ जीबी दाखवतं आणि पहिलं मोठं पॅकेज बसवताना जागा संपते.

शेवटी फाइल सिस्टमला ट्रिम करून क्यूकाउ२ दाबून बदला. व्हीझेडला रॉ लागते, पण ते रूपांतर लिमा स्वतः करतो, त्याची वेगळी इमेज द्यायला नको.

---

कोकणी_कर्नल

+१. यात दोन भर. इमेजमध्ये बॅश आणि सुडो असू द्या, कारण लिमाच्या अटी तपासणाऱ्या स्क्रिप्टी बॅशच्या आहेत. छोट्या डिस्ट्रोंमध्ये नेमकं हेच कापलेलं असतं. आणि इनिट सिस्टमडी किंवा ओपनआरसी हवं. दुसरं काही असेल तर गेस्टमध्ये, म्हणजे आतल्या मशीनमध्ये, लिमाचा गेस्ट एजंट सुरू करणारं कोणी नसतं, मग एसएसएच चालतं पण पोर्ट आपोआप होस्टवर येत नाहीत, आणि टेम्प्लेट 'जवळजवळ चालतं' अशा विचित्र अवस्थेत राहतं.

---

पानगळ

विषय जरा बाजूला, पण नवीन टेम्प्लेट देणाऱ्याला लागेलच: माउंटचे प्रकार. रेड हॅट घराण्यातल्या डिस्ट्रोंच्या कर्नलमध्ये ९पी (होस्टचं फोल्डर माउंट करायची एक पद्धत) नसतं. तुमचा डिस्ट्रो तसा असता, तर 'माउंटटाइप्सअनसपोर्टेड'मध्ये ९पी लिहावं लागलं असतं, नाहीतर लिनक्स होस्टवर माउंट फसतं. डेबियनवाल्यांना हा त्रास सहसा नाही, तरी कर्नल स्वतः बांधलेला असेल तर तपासा.

त्याच घराण्याचा दुसरा त्रास सीपीयूचा. आवृत्ती ९ला किमान एक्स८६-६४-व्ही२ (सीपीयूच्या क्षमतेची पातळी) लागतो आणि १०ला व्ही३. आर्मच्या मॅकवर एक्स८६ची नक्कल करताना क्वेमूला जुनाट सीपीयू मॉडेल दिलं, तर जीलिबसी (सिस्टमची मूळ सी लायब्ररी) 'हा सीपीयू व्ही२ नाही' म्हणून थांबतं आणि कर्नल पॅनिक येतो. नकलेत व्ही३ हवं असेल तर क्वेमू किमान ७.२ हवा, कारण त्यासाठी लागणाऱ्या एव्हीएक्स२ सूचनांची नक्कल त्यातच आली.

---

नवखा_पेंग्विन

भरपूर मिळालं, आभार. डिस्ट्रोच्या लोकांशी बोलणं सुरू करतो. तोवर पोस्टग्रेसचं. स्क्रिप्ट अशी आहे: सिस्टम मोडमध्ये 'अ‍ॅप्ट अपडेट', पोस्टग्रेस बसवणं, एक यूजर आणि पासवर्ड तयार करणं, डेटा फोल्डर होस्टच्या माउंटवर हलवणं म्हणजे मशीन पुसलं तरी डेटा राहील. पहिल्यांदा चालतं. थांबवून पुन्हा सुरू केलं की अडतं.

---

बुटाची_लेस

यात चार गोष्टी एकत्र अडकल्या आहेत.

लिमाच्या प्रोव्हिजन (मशीन तयार करणाऱ्या) स्क्रिप्टी पहिल्या बूटलाच नाही, प्रत्येक बूटला चालतात. क्लाउड-इनिटच्या 'पर-बूट' फोल्डरमधून त्या सुरू होतात. म्हणून स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी परिणाम तोच राहायला हवा. तुमची दुसऱ्या वेळी 'यूजर आधीच आहे' या त्रुटीवर मरते, आणि वर 'सेट -ई' (त्रुटी आली की थांब) असेल तर पुढचं काहीच होत नाही. डॉकरच्या टेम्प्लेटमध्ये डॉकर बसवणाऱ्या स्क्रिप्टची सुरुवात बघा: डॉकर कमांड सापडली तर शून्य देऊन बाहेर पड. तुम्हीही पोस्टग्रेस आहे का ते बघा, यूजर आहे का ते बघा, नसेल तरच बनवा. लवकर बाहेर पडण्याचा दुसरा फायदा म्हणजे इंटरनेट नसतानाही मशीन सुरू होतं. नाहीतर प्रत्येक बूटला अ‍ॅप्ट अपडेट, आणि रेल्वेत बसून लॅपटॉप उघडला की मशीन अडलं.

एक सावधगिरी: 'कमांड आहे का' ही तपासणी पुरेशी नसते. बसवणं अर्ध्यात तुटलं तर कमांड असते, सेवा नसते, आणि स्क्रिप्ट दर वेळी खुशाल बाहेर पडते. शेवटी एक खूणफाइल लिहायची आणि तीच तपासायची, हे जास्त भरवशाचं.

पासवर्ड टेम्प्लेटमध्ये लिहू नका. लिमा गेस्टचा लोकलहोस्टवरचा पोर्ट होस्टच्या लोकलहोस्टवर आपोआप आणतो. म्हणजे ५४३२ वर सगळ्यांना माहीत असलेल्या पासवर्डचा डेटाबेस तुमच्या लॅपटॉपवर उघडा. त्याऐवजी पीअर ऑथेंटिकेशन (पासवर्डऐवजी यूजरच्या नावावरून ओळख) ठेवा, लिमाच्या यूजरच्या नावाचा रोल (डेटाबेसमधला यूजर) बनवा आणि सॉकेट होस्टवर आणा. यूजरचं नावही स्क्रिप्टमध्ये ठोकू नका, प्रत्येकाचं वेगळं असतं. लिमा ते चल म्हणून पुरवतो, तेच वापरा.

पोर्टचं अजून एक. होस्टवर आधीच पोस्टग्रेस असेल तर ५४३२ अडलेला असतो. लिमा मशीन थांबवत नाही, फक्त होस्ट एजंटच्या लॉगमध्ये नोंद करतो. वापरणारा होस्टच्याच डेटाबेसला जोडला जातो आणि 'माझी टेबलं कुठे गेली' म्हणून हैराण होतो. 'पोर्टफॉरवर्ड्स'मध्ये होस्टसाठी वेगळा पोर्ट द्या आणि शेवटच्या 'मेसेज'मध्ये तो लिहा.

डेटा माउंटवर अजिबात नको. रिव्हर्स-एसएसएचएफएस असो की व्हर्टिओएफएस, फाइलींची मालकी आणि परवानग्या पोस्टग्रेसला हव्या तशा राहतीलच असं नाही, आणि वीज गेल्यावर एफसिंकचा (डेटा डिस्कवर खरंच लिहिला जाण्याचा) भरवसा काय? लिमाची वेगळी डिस्क बनवा, 'डिस्क क्रिएट'ने, आणि टेम्प्लेटच्या 'अ‍ॅडिशनलडिस्क्स'मध्ये तिचं नाव द्या. ती गेस्टमध्ये 'एमएनटी'खाली दिसते, मशीन पुसलं तरी राहते.

---

पानगळ

सॉकेट होस्टवर आणताना नावं छोटी ठेवा. युनिक्स सॉकेटच्या पत्त्याला मॅकवर १०४ आणि लिनक्सवर १०८ अक्षरांची मर्यादा आहे. सॉकेट इन्स्टन्सच्या फोल्डरमध्ये असतो, म्हणजे होमचा पत्ता, लिमाचं फोल्डर, इन्स्टन्सचं नाव आणि सॉकेटचं नाव एवढं सगळं त्यात मावायला हवं. टेम्प्लेटचं नाव लांबलचक ठेवलं की इन्स्टन्सचं नावही तेच होतं. तुमच्या मशीनवर चालतं, ज्याच्या यूजरचं नाव मोठं त्याच्याकडे फुटतं.

---

नवखा_पेंग्विन

आणि प्रोब, म्हणजे मशीन तयार झालं का ते बघणारी स्क्रिप्ट? ते लिहिणं सक्तीचं आहे का?

---

बुटाची_लेस

सक्ती नाही, पण प्रोब नसलेलं साधनाचं टेम्प्लेट फसवं असतं. प्रोब नसेल तर स्क्रिप्ट कुठवर आली याची बातमी वापरणाऱ्याला नसते, आणि 'रेडी' आलं तरी सेवा उभी आहे असं नाही. प्रोबमध्ये ठरावीक वेळ, समजा ३० सेकंद, दर ३ सेकंदांनी सेवा जोडणी घेते का ते बघायचं, नाहीतर त्रुटी द्यायची. 'हिंट'मध्ये क्लाउड-इनिटच्या आउटपुट लॉगचा गेस्टमधला पत्ता लिहायचा. पॅकेज बसलं का हे तपासू नका, जोडणी होते का ते तपासा.

यॅमलचे दोन सापळे. स्क्रिप्ट उभ्या दांड्याने सुरू करायची. 'मोठं' या चिन्हाने सुरू केली तर यॅमल सगळ्या ओळी एकात जोडतं आणि स्क्रिप्टचा चुराडा होतो. आणि विंडोजवर फाइल लिहिली असेल तर ओळींचे शेवट तपासा. शेबँगच्या (स्क्रिप्टच्या पहिल्या) ओळीला चिकटलेला अदृश्य सीआर 'इंटरप्रिटर सापडत नाही' अशी त्रुटी देतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

---

दगडफूल

तिसरा प्रश्न राहिला होता, तपासणीचा.

आधी 'लिमासीटीएल व्हॅलिडेट'. पण ते फक्त फाइलची रचना बघतं. पत्ता चुकीचा, डायजेस्ट चुकीचं, स्क्रिप्ट चुकीची, यातलं काहीही त्याला कळत नाही. मग कॅशे पुसून ताजी सुरुवात. हे महत्त्वाचं, कारण एकदा उतरवलेली इमेज कॅशेत राहते आणि पत्ता मेलेला असला तरी कॅशेतल्या इमेजवर सगळं चालून जातं. 'लिमासीटीएल प्रून' करा. मग सुरू करणं, थांबवणं, पुन्हा सुरू करणं. वर पोस्टग्रेस जिथे अडलं ती पायरी हीच.

रेपोच्या 'हॅक' फोल्डरमध्ये टेम्प्लेट तपासणारी स्क्रिप्ट आहे, तीही चालवा. माउंट, पोर्ट वगैरे ती आपण हाताने तपासतो त्याहून कसून बघते. त्याच फोल्डरमध्ये प्रमुख डिस्ट्रोंचे पत्ते आणि डायजेस्ट ताजे करणाऱ्या स्क्रिप्टी आहेत. तुमच्या डिस्ट्रोसाठी तशी एक लिहून दिलीत तर टेम्प्लेट स्वीकारलं जाण्याची शक्यता माझ्या मते बरीच वाढते, कारण सांभाळणाऱ्यांची भीती तीच असते. सीआयमध्ये (आपोआप होणाऱ्या चाचण्यांमध्ये) सगळी टेम्प्लेटं चालत नाहीत, निवडक चालतात. तुमचं त्यात नसणार असं धरा, म्हणजे ते मोडलं तर वापरणाऱ्यालाच आधी कळणार.

दुसऱ्या आर्किटेक्चरची तपासणी 'आर्च' पर्याय देऊन क्वेमूत करता येते. नक्कल खूप हळू चालते. लिमा सुरू होण्याची डीफॉल्ट मर्यादा १० मिनिटं आहे, ती 'टाइमआउट'ने वाढवा, नाहीतर चांगलं टेम्प्लेटही नापास दिसेल.

पुल रिक्वेस्टमध्ये कोरडं लिहा: कोणता होस्ट, लिमाची कोणती आवृत्ती, क्वेमू की व्हीझेड, कोणतं आर्किटेक्चर, काय चाललं, काय तपासलेलं नाही. एका रिक्वेस्टीत एकच टेम्प्लेट. टेम्प्लेटांच्या यादीत तुमची ओळ घाला, ती राहिली म्हणून रिक्वेस्ट परत येते. कमिटवर 'साइन्ड-ऑफ-बाय'ची ओळ हवी, गिटला कमिट करताना '-एस' (लहान लिपीतलं) दिलं की येते. विसरलात तर डीसीओची (कोड देण्याचा हक्क असल्याच्या घोषणेची) तपासणी लाल होते. शेवटचं कमिट 'अमेंड' करून सही घाला आणि फोर्स पुश करा, नवीन कमिट टाकून ती हिरवी होत नाही. मधली 'फिक्स', 'पुन्हा फिक्स' वाली कमिटं एकात मिसळून द्या.

---

तिरकस

आणि डिस्ट्रोची आवृत्ती निवृत्त झाली की टेम्प्लेट काढायची रिक्वेस्टही तुम्हीच पाठवायची. सेंटओएस स्ट्रीम ८ मे २०२४ अखेर संपलं आणि पॅकेजं व्हॉल्टमध्ये (जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यात) गेली. अशा वेळी इमेजच्या पत्त्यावर इमेज अजून असते, मशीन सुरूही होतं, पण आतला पॅकेज मॅनेजर जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हाताने परततो. तुमच्या डिस्ट्रोचं वेळापत्रक काय आहे? नवीन आवृत्ती येते तेव्हा जुन्या इमेजा किती दिवस ठेवतात?

---

नवखा_पेंग्विन

आत्ताच त्यांच्या इमेजच्या फोल्डरमध्ये बघितलं. फक्त शेवटच्या दोन बिल्ड ठेवतात, दर आठवड्याला नवीन.

---

दगडफूल

मग तारखेचा पत्ता पंधरा दिवसांत मरणार आणि सगळे डायजेस्ट नसलेल्या नोंदीवर जाणार. यूईएफआयच्या पॅचबरोबर त्यांना हेही विचारा: स्थिर प्रकाशनाच्या इमेजा कायम राहतील असं वेगळं फोल्डर देता येईल का, आणि चेकसमच्या फाइलवर सही. हे दोन्ही मिळेपर्यंत लिमाकडे इश्यू उघडून ठेवा, त्यात डिस्ट्रोच्या इश्यूचा दुवा द्या, पुल रिक्वेस्ट मात्र थांबवा.